लिंबाचे झाड कोणाच्या नावावर?

पाथर्डी शहरातला साठ वर्षांचा एखादा कडुलिंब आणि त्याच राष्ट्रीय महामार्गावर नगरच्या बाजूला असलेल्या तिसगावातला तेवढ्याच वयाचा कडुलिंब, यांत वनस्पतिशास्त्राला काही फरक सापडणार नाही. तालुका एक, पर्जन्यछायेचा दुष्काळी मुलूख एक, चैत्रातला मोहोर आणि पुढे पायांखाली चिरडणाऱ्या लिंबोळ्याही सारख्याच. कायद्याला मात्र या दोन झाडांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. पाथर्डीला नगरपरिषद आहे आणि तिसगावला ग्रामपंचायत. तेवढ्यामुळे पाथर्डीतल्या लिंबाला ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून खास संरक्षण मिळते. तो तोडायचा तर अर्ज, पाहणी, जाहीर सूचना, हरकती आणि लेखी निर्णय असे सगळे टप्पे ओलांडावे लागतात. तिसगावातल्या लिंबासाठी या टप्प्यांपैकी एकही नाही. तो उद्या सकाळी आडवा झाला, तर नेमका कोणत्या कलमाचा भंग झाला हे सांगताना भल्याभल्यांची दमछाक होईल. महामार्गावरची बाजारपेठ, भोवती वाढणारी वस्ती, मोकळ्या जागांचे पडणारे प्लॉट असे तिसगावचे रूप धड खेड्याचेही नाही आणि शहराचेही नाही. महाराष्ट्रात अशी शेकडो गावे आहेत. तिथल्या झाडांना कायद्याने काय दिले आहे आणि काय दिलेले नाही, हे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. कलमांची उणीव आहेच, पण नोंदीची उणीव तिच्याहून मोठी आहे, आणि ती भरून काढायला विधानसभेची वाट पाहावी लागत नाही.

शहरांसाठी असलेला कायदा १९७५ चा. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम’ हे त्याचे लांबलचक नाव. महानगरपालिका आणि नगरपरिषदा यांच्या हद्दीत तो चालतो. त्याने प्रत्येक नागरी संस्थेला वृक्ष प्राधिकरण नेमायला लावले, वृक्ष अधिकारी दिला आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना करण्याचे कर्तव्य लादले. त्यातल्या दोन गोष्टी मोलाच्या आहेत. एक म्हणजे हा कायदा झाडाची जात विचारत नाही; साग असो की सुबाभूळ, संरक्षण सारखेच. दुसरी म्हणजे तोडीची सूचना त्या झाडावरच लावावी लागते. बुंध्यावर चिकटवलेला तो कागद पाहून शेजारची भाजीवाली, रिक्षावाले, शाळेत जाणारी पोरे यांच्यापैकी कोणालाही हरकत घ्यायची संधी मिळते. २०२१ च्या दुरुस्तीने यात आणखी भर घातली. पन्नास वा अधिक वर्षांचे झाड हे हेरिटेज वृक्ष ठरले, आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावण्याची अट आली. या अटी जागोजागी धाब्यावर बसवल्या जातात हे खरे. पण अट असली तर ती मोडली असे तरी म्हणता येते.

गावाकडच्या झाडांसाठी ‘महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४’ आहे. तो वाचताना आधी त्याची अनुसूची वाचावी, कारण सगळी मेख तिथे आहे. परवानगीवाचून तोडता येत नाहीत अशी सोळा झाडे मूळ अनुसूचीत दिली आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ, हळदू, बिजा आणि खारफुटी. पाथर्डी तालुक्यातल्या माणसाने ही यादी वाचली तर तो बुचकळ्यात पडेल. किंजळ, फणस आणि खारफुटी यांच्याशी त्याचा संबंध कोकणात फिरायला गेल्यावरच येणार. यादीतली चिंच, आंबा, जांभूळ त्याच्या ओळखीची. पण ज्याच्या सावलीत त्याचे निम्मे आयुष्य गेले तो कडुलिंब यादीत नाही. मारुतीच्या पारावरचा पिंपळ नाही, वड नाही, उंबर नाही आणि बांधावरची बाभूळही नाही. म्हणजे तिसगावात एखाद्या अंगणातली चिंच तोडायला परवानगी लागते आणि तिच्या शेजारचा दुप्पट घेराचा वड तोडायला लागत नाही.

ही यादी अशी का, याचे उत्तर तिच्या वंशावळीत सापडते. या प्रदेशात राज्यकर्त्यांनी झाडाकडे पाहिले ते मुख्यतः लाकूड म्हणून आणि मालकी म्हणून. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या राजनीतीवरच्या ग्रंथात, आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा प्रसिद्ध मजकूर आहे. (तो आजकाल शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून मोबाइलवर फिरतो. महाराजांच्या धोरणाचे प्रतिबिंब त्यात असेलही, पण ते पत्र नव्हे.) सागवान आणावे ते परवानगीने, आंबा-फणसाचे लाकूड कामाचे असले तरी रयतेच्या त्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात, एखादे झाड अगदीच जीर्ण झाले तर धन्याला राजी करून आणि पैसे देऊन तोडावे, असा त्याचा आशय. विचार उदार आहे, पण त्यातली झाडे मोजून पाहावीत: साग, आंबा, फणस. पुढे ब्रिटिश अमदानीने साग, चंदन अशी भारी किमतीची झाडे सरकारसाठी राखून ठेवली आणि उरलेली खातेदाराला सोडून दिली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही हेच तत्त्व कायम आहे. जमीन ज्याची, तिच्यावरची झाडे त्याची. सरकारने हस्तक्षेप करायचा तो मातीची धूप थांबवण्यासारख्या कारणाने. १९६४ चा कायदा याच घराण्यातला. बाजारात ज्याला भाव आहे त्या लाकडावर त्याचे लक्ष, म्हणून ठेकेदाराचा टेम्पो आणि लाकूड वाहतुकीचा पास यांच्याशी त्याची गाठ पडते. सावली देणारे, पाखरांना ठेवणारे आणि उन्हाळ्यात बाजारतळाचे तापमान उतरवणारे झाड हा त्याचा विषय कधी नव्हताच.

मग दंड वाढवला की झाले, असे अनेकांना वाटते. १९६४ च्या कायद्यातला दंड हजार रुपयांच्या आत होता. एका मोठ्या झाडाच्या लाकडाला येणाऱ्या पैशांपुढे ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो पन्नास हजारांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा पर्यावरणप्रेमींनी स्वागत केले आणि कोकणातले शेतकरी संतापले. त्यांचा संताप समजून घ्यायला हवा. कोकणातला शेतकरी आपल्याच जमिनीवर ऐन-किंजळ राखतो, अडीनडीला तोडतो, पुन्हा फुटू देतो; त्याच्यासाठी ते उभे पीक आहे. त्याच्यावर पन्नास हजारांची टांगती तलवार धरली तर पुढच्या पिढीत तो यादीतले रोप उगवताच उपटून टाकेल. ज्या झाडामुळे कटकट होते ते झाड कोण लावेल? चंदनाच्या बाबतीत हा अनुभव जुना आहे. शिवाय तिसगावच्या लिंबाला या वाढीव दंडाचा फायदा शून्य, कारण तो यादीतच नाही. यादीत नसलेल्या झाडासाठी दंड पन्नास हजार काय आणि पन्नास लाख काय, सारखाच. तेव्हा खासगी शेतातल्या झाडावर कायद्याचा हात हलका असावा आणि सार्वजनिक जागेवरच्या झाडावर जड असावा, ही विभागणी मला न्याय्य वाटते. आज नेमके उलट आहे. शेतकऱ्याला आंब्यासाठी खेटे घालावे लागतात, आणि चौकातला पिंपळ रातोरात गेला तर कोणाला जाब विचारायचा हेच ठरत नाही.

सार्वजनिक जागेवरच्या झाडाला वृक्षतोडीच्या कायद्याशिवाय दुसरा आधार नाही, असा समज आहे. तो बरोबर नाही. चोरीचा कायदा आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीची व्याख्या करणाऱ्या ३७८ व्या कलमाखाली जी उदाहरणे दिली होती, त्यांतले पहिलेच उदाहरण झाडाचे होते: दुसऱ्याच्या जमिनीवरचे झाड त्याच्या संमतीवाचून नेण्याच्या अप्रामाणिक हेतूने तोडले की, ते जमिनीपासून सुटताच चोरी झाली. झाड उभे असते तोवर ते जमिनीचा भाग असते, स्थावर असते, आणि स्थावराची चोरी होत नाही. कुऱ्हाडीने ते जंगम होते आणि त्याच क्षणी चोरीचा विषय बनते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम ३०३ व्या क्रमांकावर आले, उदाहरणासकट. इथे जातींची यादी नाही, शहर-गाव असा भेद नाही. लिंब, वड, बाभूळ सगळे सारखे. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा कायदाही जोडीला आहे. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळचे सिकॅमोर गॅपचे प्रसिद्ध झाड दोघांनी रात्री यंत्राच्या करवतीने कापले, तेव्हा २०२५ साली त्यांना सव्वाचार वर्षांची कैद झाली ती मालमत्तेच्या नुकसानीच्या गुन्ह्यासाठी. झाडांसाठीचे वेगळे कलम तिथे लागलेच नाही.

मग आपल्याकडे गावातल्या झाडाच्या चोरीची फिर्याद का उभी राहत नाही? कारण चोरीत पहिला प्रश्न असतो, वस्तू कोणाची? तिसगावसारख्या गावात हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. महामार्गाच्या हद्दीतले झाड राष्ट्रीय महामार्गाच्या यंत्रणेचे. गावात शिरणाऱ्या रस्त्याकडेचे सार्वजनिक बांधकाम विभागाचे किंवा जिल्हा परिषदेचे. शाळेच्या आवारातले जिल्हा परिषदेचे, किंवा शिक्षण संस्थेचे. देवळाभोवतीचे देवस्थानचे, म्हणजे न्यासाचे. गायरानावरचे शासनाचे. गावठाणातल्या चौकातले ग्रामपंचायतीचे. आणि अंगणातून रस्त्यावर झुकलेले झाड अर्थातच अंगणवाल्याचे. पण मोजणी झाल्यावर ते अंगणच रस्त्याच्या हद्दीत निघाले तर? यांपैकी प्रत्येक मालकाकडे विचारणा केली तर बहुतेक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतात. फिर्याद द्यायला मालक नाही, झाड तिथे होते याचा कागद नाही, किती घेराचे होते याचे माप नाही. उरतो तो जमिनीलगत कापलेला बुंधा, आणि तोही आठवड्याभरात मुरमाखाली जातो. पोलीस ठाण्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण अशा परिस्थितीत तपास अधिकाऱ्याने गुन्हा उभा करायचा कशावर?

गंमत अशी की हा कागद ठेवण्याची सोय ग्रामपंचायतीच्या दप्तरात आधीपासून आहे. ग्रामपंचायतीने ठेवायच्या नोंदवह्यांना ‘नमुने’ म्हणतात. घरपट्टीसाठी धावपळ करणाऱ्या प्रत्येकाला नमुना ८ ठाऊक असतो, कारण कर आकारणीची नोंद त्यात असते. २०११ च्या लेखासंहितेनुसार असे एकूण ३३ नमुने आहेत. त्यांत स्थावर मालमत्तेची नोंदवही आहे, रस्त्यांची आहे, जमिनीची आहे, आणि सगळ्यात शेवटी नमुना ३३ आहे: वृक्ष नोंदवही. अंदाजपत्रकापासून सुरू झालेली यादी झाडापाशी येऊन संपते. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या ग्रामसूचीतही रस्त्यांच्या कडेला, बाजारात आणि इतर सार्वजनिक जागी झाडे लावणे आणि त्यांचे जतन करणे हा पंचायतीच्या कामाचा भाग म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे कर्तव्यही आहे आणि वहीही आहे. ही वही लेखापरीक्षणापुरती न ठेवता खरोखर भरायची ठरवली, तर तिच्यात काय यावे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. झाडाला क्रमांक, जात, जमिनीपासून साडेचार फुटांवर फितीने घेतलेला बुंध्याचा घेर, जागेचा गट क्रमांक किंवा मिळकत क्रमांक, जागेचा मालक, मोबाइलवर घेतलेले स्थान-निर्देशक आणि एक छायाचित्र. साडेचार फूट अशासाठी की बुंधा जमिनीलगत फुगलेला असतो आणि वर फांद्या फुटतात. आपल्याकडे झाडे मोजायची हीच उंची रूढ आहे, त्यामुळे पाच वर्षांनी दुसऱ्या माणसाने मोजले तरी माप जुळते. दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवरची झाडेही यात लिहावीत, मालकाच्या नावानिशी. मालकी ग्रामपंचायतीची नसली तरी झाड गावच्या हद्दीत उभे आहे, एवढे तर तिला नोंदवता येते.

यावर पहिली हरकत ठरलेली आहे: कागदी घोडे नाचवून झाड वाचते का? मुंबईत झाडांची रीतसर गणना झाली होती, २०१८ च्या गणनेत सुमारे २९.७५ लाख झाडे निघाली, वृक्ष प्राधिकरण होते, तरी मेट्रोच्या कारशेडसाठी आरेच्या जंगलातली झाडे गेलीच ना? गेली. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने तोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर दोन हजारांहून जास्त झाडे पडली होती. हे कायद्याचे अपयश आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या प्रकरणाबद्दल आपण आज इतक्या नेमकेपणाने बोलू शकतो ते कशामुळे? २,६४६ झाडांचा प्रस्ताव होता, त्यातली किती तोडायची आणि किती हलवायची हे लिहिलेले होते, हरकती नोंदल्या गेल्या होत्या. म्हणूनच प्रश्न न्यायालयात गेला आणि देशभर गाजला. गावातली दहा झाडे जातात तेव्हा आकडाच नसतो, त्यामुळे वादही उभा राहत नाही. कागद झाडाला वाचवेलच असे नाही, पण कागद नसला तर वाचवण्याचा प्रयत्नसुद्धा सुरू होत नाही. सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा वड २०२० साली रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या आखणीत येत होता. लोकांनी त्या एका झाडाचा मुद्दा लावून धरला, राज्याच्या पर्यावरण मंत्र्यांनी केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहिले आणि आखणी बदलली गेली. रस्ता झाला आणि वडही राहिला. दोन वर्षांनी, २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडावर, तो वड कोसळला. अशा म्हाताऱ्या झाडाला कुऱ्हाड चुकवून देणे पुरत नाही. मुळांभोवतीची माती, भराव, पाण्याची वाट यांचीही राखण करावी लागते.

हा मुद्दा गावांत फारच दुर्लक्षित आहे. झाड मारायला ते तोडावेच लागते असे नाही. खोडाच्या सालीच्या आतल्या थरातून पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे उतरते. सालीची गोल पट्टी काढली किंवा बुंध्याशी रोज कचरा पेटवला, की हा रस्ता तुटतो. मुळे उपाशी राहतात आणि वर्षा-दोन वर्षांत झाड ‘आपोआप’ वाळते. मग वाळलेले झाड धोकादायक म्हणून तोडायला सगळेच तयार असतात. नकळत होणारा प्रकार याहून जास्त आढळतो. ग्रामनिधीतून पेव्हिंग ब्लॉक बसवताना किंवा काँक्रीटचा रस्ता करताना सिमेंट थेट बुंध्याला भिडवले जाते आणि पावसाचा थेंबही मुळांपर्यंत जात नाही. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला तो याचसाठी. जुना दगडी पार चुन्या-मातीत रचलेला असायचा, त्याच्या फटींतून पाणी मुरायचे. आता त्यावर ग्रॅनाइट आणि वर आमदार निधीची पाटी येते. नागरी कायद्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांत जाळणे आणि कोणत्याही रीतीने इजा करणेही धरले आहे. गावाच्या वहीत दर दोन-तीन वर्षांनी घेर आणि प्रकृतीची नोंद झाली, तर निदान झाड केव्हापासून खंगायला लागले ते दिसेल.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. वस्तीतले झाड धोक्याचेही असते. शाळेच्या पत्र्यावर झुकलेली फांदी, वळवाच्या वाऱ्यात विजेच्या तारेला घासणारा लिंब, पोकळ झालेला उंबर. यांच्यासाठी परवानग्यांची रांग लावायची आणि माणूस दगावल्यावर हळहळायचे काय? मुळीच नाही. पण इथेही कायदा मोकळा सोडत नाही आणि अडवूनही धरत नाही. पडण्याच्या बेतात असलेले झाड हटवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे व्यवहारात तहसीलदार, देऊ शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १३३ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ आहे. तारांना अडथळा आणणाऱ्या झाडांसाठी विद्युत अधिनियम, २००३ चे कलम ६८ आहे, आणि त्यात एक सुंदर तपशील आहे जो क्वचितच कोणी वाचतो: तार टाकण्यापूर्वीपासून झाड तिथे असेल तर मालकाला भरपाई देता येते. आधी कोण आले, झाड की तार, हे कायद्याला महत्त्वाचे वाटते. ते सिद्ध करायला पुन्हा नोंदच हवी. आणि खरा धोका कोणता, हे ठरवायलाही नोंद कामी येते. कारण ‘धोकादायक’ हा शब्द गाळ्याची पाटी झाकणाऱ्या झाडालाही चिकटवता येतो.

तिसरा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आहे: एक तोडा, दहा लावा. राज्यात २०१६ साली दोन कोटी, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे ठेवली गेली. वनखात्याने मोठी यंत्रणा राबवली, हे मान्य. पण पर्जन्यछायेच्या प्रदेशात रोप लावणे हा कामाचा सोपा भाग आहे. पाथर्डी तालुक्यात माणसांना टँकरची वाट पाहावी लागते अशी वर्षे येतात. तिथे जुलैत लावलेल्या रोपाला मार्चमध्ये पाणी कोण घालणार? मोठ्या लिंबाची मुळे खोलवर गेलेली असतात, त्याला कोणाच्या टँकरची गरज उरलेली नसते. ते झाड म्हणजे साठ उन्हाळे आधीच पार केलेली गुंतवणूक आहे, आणि दहा रोपे म्हणजे पहिल्या उन्हाळ्याची परीक्षा अजून न दिलेले दहा उमेदवार. पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडे तोडण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ साली झाडाची किंमत काढण्याचे सूत्र मांडले होते: वर्षाला ७४,५०० रुपये गुणिले झाडाचे वय. एवढी किंमत कोणतेही सरकार मोजणार नाही, आणि हे सूत्र काटेकोर आहे असे मीही म्हणणार नाही. पण दुसऱ्या टोकाला काय चालले आहे ते पाहा. न्याय संहितेच्या नव्या तरतुदीनुसार पाच हजारांच्या आतली चोरी पहिल्यांदाच केली आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. वखारीत जळण म्हणून लिंबाचे मोल करायचे ठरवले, तर मध्यम आकाराचे झाड या रकमेच्या आत बसवणे अवघड नाही. झाडाची किंमत सरपणाच्या भावाने लावायची की प्राणवायू, सावली आणि मातीच्या हिशेबाने, यावर गुन्हा किरकोळ ठरतो की गंभीर. मार्च २०२५ मध्ये ताजमहालाभोवतीच्या संरक्षित परिसरात बेकायदा तोडलेल्या ४५४ झाडांसाठी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी एक लाख रुपये दंड कायम केला. तिथेही गुणाकार करायला झाडांचा आकडा हाती होता.

ब्रिटनमध्ये १९४७ च्या नगररचना कायद्यापासून रुळलेली एक पद्धत या संदर्भात पाहण्यासारखी आहे. तिथली स्थानिक परिषद एका विशिष्ट झाडासाठी संरक्षण आदेश काढू शकते. आदेशाला नकाशा जोडतात, त्यावर झाडाची जागा ठिपक्याने दाखवतात, मालकाला कळवतात आणि हरकत घेण्याची मुभा देतात. आदेश तात्काळ लागू होतो, पण सहा महिन्यांत कायम केला नाही तर गळून पडतो. झाड खासगी अंगणात असले तरी चालते. सरसकट जातीवर बंदी घालण्यापेक्षा हे जास्त शहाणपणाचे आहे. शेकडो झाडांना अर्धवट संरक्षण देण्याऐवजी गावाने निवडलेल्या वीस-पंचवीस झाडांना पक्के संरक्षण द्यायचे, आणि का निवडले तेही लिहायचे. आपल्या ग्रामपंचायतीला असा आदेश काढण्याचा स्वतंत्र अधिकार नाही, आणि तो मिळावा अशी मागणी रास्त आहे. जैवविविधता अधिनियम, २००२ खाली गावोगावी समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या असणे अपेक्षित आहे; निवडक झाडांची नावे तिथेही चढवता येतील.

अधिकार नसताना गाव काय करू शकते, याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार यांनी पाळलेल्या नियमांत चराईबंदीच्या जोडीला कुऱ्हाडबंदी होती, आणि पुढे आदर्श गाव योजनेच्या सूत्रांत ती कायमची आली. कुऱ्हाडबंदीला कोणत्याही अधिनियमात कलम नाही. तो ग्रामसभेचा ठराव होता, आणि तो टिकला कारण त्याच्याबरोबर पाणी अडवले गेले, चारा वाढला आणि बंदीचा फायदा लोकांना गोठ्यात दिसला. तिसगावात हे जसेच्या तसे उतरेल असे समजणे भोळेपणाचे ठरेल. हिवरेबाजार हे छोटे, शेतीवर चालणारे, एकमेकांना ओळखणाऱ्यांचे गाव; महामार्गावरच्या बाजारपेठेत भाडेकरू असतात, बाहेरचे प्लॉटधारक असतात, आणि झाडामुळे दुकान दिसत नाही अशी तक्रार करणारा ग्रामसभेला येतच नाही. इथे नैतिक दबाव कमी पडणार, म्हणून ठरावाला वहीची जोड हवी. ग्रामसभेने नमुना ३३ मधली यादी वाचून मंजूर करायची, आणि तिची प्रत तहसील कार्यालय, वनपरिक्षेत्र कार्यालय, बांधकाम उपविभाग, महावितरण आणि पोलीस ठाणे यांना द्यायची. एरवी एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या खात्यांच्या फायलींत मग एकच यादी असेल, आणि ‘ते झाड आमच्या हद्दीत नव्हते’ असे म्हणायला जागा उरणार नाही. घराच्या बांधकामाचा किंवा नळजोडणीचा अर्ज ग्रामपंचायतीकडे येतोच. त्या जागेवर यादीतले झाड असेल तर पाहणी करताना तेवढे तपासायला वेगळा माणूस लागत नाही.

खर्चाचा प्रश्न उरतो, तो किरकोळ आहे. एका गावठाणातली सार्वजनिक झाडे मोजायला मापाची फीत, रंगाचा डबा आणि शाळेतली पाच-सहा पोरे पुरतात. एक अट मात्र पाळावी, क्रमांकाचा पत्रा खिळ्याने ठोकू नये, क्रमांक रंगानेच लिहावा. पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ या संस्थेच्या तरुणांनी झाडांच्या अंगातले खिळे उपटायची मोहीमच चालवली होती. खरी अडचण महामार्गाच्या हद्दीतल्या झाडांची आहे. रुंदीकरण निघाले तर तिथे ग्रामसभेचा ठराव कोणाला बांधून ठेवत नाही. तरी २०१५ च्या केंद्रीय हरित महामार्ग धोरणाने प्रकल्प खर्चाचा एक टक्का झाडांसाठी राखायला सांगितला आहे, आणि स्थलांतर हाही त्याच धोरणाच्या नावातला एक शब्द आहे. कोणती झाडे हलवण्याजोगी, कोणती वळसा घालून वाचवण्याजोगी आणि कोणती खरोखर सोडून द्यावी लागतील, ही चर्चा आखणीच्या वेळी व्हायची असेल तर गावाकडे घेर आणि गट क्रमांक लिहिलेली यादी आधी तयार हवी. काम सुरू झाल्यावर केलेली यादी ठेकेदाराच्या देयकाला जोडण्याच्या उपयोगाची असते.